तू सांगितलेले शेवट

प्रिय अव्वा,

गेल्या रविवारी गावी जाऊन शेवंतामावशीला भेटून आले. तेव्हापासून तुझ्याशी भांडतेय. भाजी निवडताना, रिक्षात, वर्गात हजेरी घेताना. मनातल्या मनात भांडून भागेना, म्हणून आज लिहायला बसले.

तुला जाऊन वर्ष होऊन गेलं. वर्षश्राद्धालासुद्धा तुला पत्र लिहावं असं सुचलं नव्हतं. शेवटची काही वर्षं तू इथं कोल्हापुरात, मंगळवार पेठेत माझ्याजवळच होतीस. बोलायचं ते बोलून झालंय, अशी माझी समजूत होती. किती खुळी समजूत ती.

मावशीनं मला अण्णाचं सांगितलं. काय सांगितलं ते तुला ठाऊकच आहे. तरी मी सगळं पहिल्यापासून लिहिणार आहे, कारण मला ते आता नव्यानं लावून बघायचंय.

आपले रविवार आठवतात तुला? तू आणि मावशी पहाटेच मिरच्यांची पोती यष्टीवर टाकून गडहिंग्लजच्या बाजाराला जायचात. माल लवकर खपला की दोघी दुपारच्या खेळाला जाऊन बसायचात. आप्पांना हे माहीत होतं, ते काही बोलायचे नाहीत. अडचण एकच होती. आपल्या गावची शेवटची यष्टी खेळ सुटायच्या आधीच स्टँडवरून हलायची. मग तुम्ही मध्यंतरानंतर थोडा वेळ बसून कुठल्या तरी गाण्यात उठायचात आणि पळत स्टँड गाठायचात. एवढे पिक्चर बघितलेत, पण एकाचाही शेवट बघितला नाहीत.

संध्याकाळी म्हशीची धार काढून झाली की चुलीपुढं बसून तू आम्हाला पिक्चर सांगायचीस. मी होते आणि तुझा थोरला दत्ता, माझा अण्णा होता. अण्णा माझ्यापेक्षा बराच मोठा, मिसरूड फुटलेला, तरी मांडी घालून तुझ्यासमोर बसायचा आणि तू निम्म्यात आलीस की विचारायचा, "आणि शेवट?"

"सांगतो की. दम धर."

तू 'सांगतो', 'जातो' असंच बोलायचीस, आपल्याकडच्या सगळ्या बायका बोलतात तसं. पुण्याच्या माझ्या मैत्रिणींना त्याचं अजून हसू येतं.

न बघितलेला शेवट तू कुठून आणायचीस? जे दोनदा पडद्यावर दिसलं असेल त्याला तू धरून बसायचीस. एका पिक्चरात सासूच्या कमरेच्या किल्ल्या सारख्या दाखवत होते. तुझ्या शेवटात त्या किल्ल्या आडात पडल्या आणि त्या काढायला सून दोर धरून उतरली. एका दरोडेखोराच्या पिक्चरात तू चक्क म्हैस घातलीस. त्या आठवड्यात आपली म्हैस आजारी होती.

अण्णा हसून लोळला. "अव्वा, पिक्चरात म्हस कुठनं आली?"

"गावातनं आली. गाव दाखवलं न्हवं? मग म्हस असणारच की."

तेव्हा तुझे शेवट नाना तऱ्हेचे असायचे. कधी लग्न लागायचं, कधी खलनायक कड्यावरून पडायचा, कधी नुसतीच गावजत्रा व्हायची. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. पुढं लागेल.

मग अण्णा गेला.

बारावीला नापास झाला, एवढंच कारण होतं. सकाळी दूध घालायला डेअरीवर गेला असताना आप्पांनी चार माणसांदेखत त्याच्या थोबाडीत मारली.  अण्णानं दूध मापून घातलं, घरी आला, किटली धुऊन पालथी घातली आणि शर्ट बदलून बाहेर पडला. तू परड्यात होतीस. मी उंबऱ्यात बसून पाटी पुसत होते. "कुठं चाललास?" विचारलं तर म्हणाला, "आलोच." मी तुला हे कितीदा सांगितलं असेल. तू प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकायचीस.

पुढं कुणीतरी सांगितलं, दत्ता हुबळीकडं दिसला, ट्रकवर क्लीनर म्हणून आहे. आप्पा दोनदा जाऊन हात हलवत परत आले. त्यानंतर त्यांनी अण्णाचं नाव घरात काढलं नाही.

तू बाजाराला जात राहिलीस, पिक्चरही बघत राहिलीस. लोकांनी नावं ठेवली, पोरगा बेपत्ता आणि ही बाई खेळाला बसती म्हणून. संध्याकाळी मी तुझ्यापुढं बसायची. तू निम्मा पिक्चर सांगायचीस आणि थांबायचीस.

"आणि शेवट?" आता मला विचारावं लागायचं.

"मला काय ठावं? यष्टी आली न्हवं."

ते दिवस मला फार वाईट गेले, अव्वा. घरात मोठा भाऊ नाही आणि गोष्टींना शेवट नाहीत. मी शाळेत मैत्रिणींना तुझे अर्धे पिक्चर सांगायची आणि शेवट स्वतः जुळवायला बघायची. मला जमायचं नाही.

असं वर्षभर तरी चाललं असेल. मग एका रविवारी तुम्ही यष्टीनं आला नाहीत. दिवेलागण झाली तरी पत्ता नाही. आप्पा फाट्यापर्यंत दोनदा जाऊन आले. शेवटी माणसं कोंबून आणणारी एक वडाप जीप आली आणि तुम्ही दोघी उतरलात. यष्टी चुकली म्हणालात. आप्पा चिडले होते, पण तुझा चेहरा बघून वाटेतून बाजूला झाले. तुझं तोंड धुतल्यासारखं ओलं होतं, डोळे सुजले होते. "मिरचीचा खकाणा गेला डोळ्यांत," म्हणालीस.

त्या संध्याकाळी तू भाकरी थापता थापता आपणहून पिक्चर सांगायला लागलीस. एक पोरगा सैन्यात जातो. लढाई होते. तार येते की तो गेला. घरातले रडून रडून थकतात. आणि मग तो एका सकाळी दारात येऊन उभा राहतो. तार चुकीच्या घरी आलेली असते.

"मग त्याला सगळे काय म्हणतात?" मी विचारलं.

"काय सुदिक न्हाय. कुठं हुतास, का गेलतास, कोण काय इचारत न्हाय. पाय धू म्हणत्यात, जेव म्हणत्यात."

आप्पा सोप्यात कांबळ्यावर पडून ऐकत होते. ते कधी तुझा पिक्चर ऐकतात असं मला वाटलं नव्हतं. तू थांबलीस तेव्हा ते उठून बाहेर गेले आणि बराच वेळ गोठ्यात बसले.

तिथून पुढं तुझे शेवट परत सुरू झाले. आणि त्या दिवसापासून तुझ्या प्रत्येक शेवटात गेलेलं माणूस घरी यायला लागलं. कुणी तुरुंगातून यायचं, कुणी मुंबईहून. एकदा तर वेड लागून निघून गेलेली सून आली. कोणी कोणाला जाब विचारायचं नाही.

तुझा एक पिक्चर मला फार आवडायचा. नवरा कामाच्या शोधात घर सोडून जातो आणि त्याची सायकल भिंतीला टेकवून ठेवलेली राहते. बायको ती रोज पुसते, हवा भरते. तू सांगितलंस, शेवटी तो येतो, सायकल बघतो, काही न बोलता बायकोला मागं बसवतो आणि दोघं बाजाराला जातात. "उगच पुसती व्हय ती सायकल? त्यो येणार म्हणूनच पुसती."

माझं डोकं तुझ्या त्या शेवटांनी भरलं. जो जातो तो शेवटाला येतो, हे माझ्यात इतकं मुरलं की मी त्याच्यावर आयुष्य काढलं. हा माझा तुझ्यावरचा पहिला राग आहे.

माझ्या लग्नात मी काय केलं ते तुला आठवत असेल. नवऱ्या मुलाचा कान पिळायला नवरीचा भाऊ लागतो. सगळे म्हणत होते, चुलतभाऊ महादू आहे, त्याला उभा करा. मी ऐकेना. मांडवाच्या तोंडाकडं बघत बसले. भटजी खोळंबले, पाव्हणे कुजबुजायला लागले. तेव्हा तू माझ्याजवळ आलीस.

"महादूला उभा कर गं. किती थांबवायचं लोकास्नी?"

"आणि अण्णा आला तर?"

"आला तर त्यो समजून घील."

तू हे माझ्या डोळ्यांत बघून म्हणालीस, अव्वा. तुला ते कसं जमलं?

मग माझं कोल्हापूर, नोकरी, संसार. मी कॉलेजात मुलांना पटकथा शिकवायला लागले. शेजारणींना तू सांगायचीस, "आमची नंदी पिक्चर कसा सांगायचा त्ये शिकवती." माझं काम इतक्या सरळ शब्दांत मला स्वतःलाही कधी सांगता आलं नाही.

आप्पा आजारी पडले तेव्हा मी गावी येऊन राहिले होते. ते गेले त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी तुला जवळ बोलावलं. किती वर्षांनी त्यांनी ते नाव घेतलं. "दत्ता आला की त्याला सांग, मी हात उचलायला नको हुता."

तू त्यांच्या कपाळावरून हात फिरवून म्हणालीस, "सांगतो की." मी दाराशी उभी होते. मला वाटलं, माझ्या आईएवढी आशा कुणाची नसेल.

आप्पा गेल्यावर तू माझ्याकडं आलीस. इथं टीव्हीवर एकदा तो सायकलीचा पिक्चर लागला. तू पहिल्याच गाण्यात ओळखलास. या खेपेला यष्टी नव्हती, म्हणून तुला उठता आलं नाही. खरा शेवट असा होता की नवरा येतच नाही. बायको एक दिवस सायकल अंगणात काढते, पडत धडपडत चालवायला शिकते आणि कामाला जाते. तिचा लांब जाणारा पाठमोरा आकार दिसतो आणि पिक्चर संपतो.

"आणि त्यो?" तू विचारलंस.

"तो येत नाही अव्वा."

"मग इतकं दीस पुसत कशाला हुती?"

मी मास्तरीण, मला बोलायला निमित्तच हवं होतं. मी तुला समजावत बसले. म्हटलं, सायकल पुन्हा पुन्हा दाखवून दिग्दर्शकानं आपल्याला वाट बघायला लावलं. आपण समजलो ती त्याच्यासाठी पुसतेय. शेवट कळल्यावर मागचं सगळं पुसणं वेगळं दिसायला लागतं, ती तेव्हापासून स्वतःसाठीच तयारी करत होती. वस्तू तीच, प्रसंग तेच, फक्त त्यांचा अर्थ उलटतो. चांगल्या पटकथेत असं होतं.

तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "तिला आधीपासनं ठावं असंल."

"काय?"

"त्यो येणार न्हाय त्ये."

आणि उठून कुकर लावायला गेलीस. मला तेव्हा ते वाक्य आवडलं होतं. दुसऱ्या दिवशी मी ते वर्गात सांगितलंसुद्धा.

वर्गात मी तुला दरवर्षी सांगते, हे तुला कधी बोलले नाही. नाव न घेता सांगते. पिक्चर प्रसंगांनी पुढं सरकतो, म्हणते, पण एकजीव होतो तो परत परत येणाऱ्या गोष्टीनं. मग उदाहरण देते. एक बाई होती, तिनं पिक्चरांचे शेवट कधी बघितले नाहीत, ती स्वतः बनवून मुलांना सांगायची. मुलगा घरात होता तेव्हा शेवट नाना तऱ्हेचे. मुलगा निघून गेला तेव्हा शेवटच नाहीत. मग काही काळानं प्रत्येक शेवटात गेलेलं माणूस परत येतं. आता हे सगळे पिक्चर एकापुढं एक ठेवा. कथा वेगळ्या, माणसं वेगळी, तरी तो एकच लांबलचक पिक्चर आहे. त्याचा विषय काय? आणि मी फळ्यावर लिहायची : वाट पाहणं.

दरवर्षी एखादी मुलगी विचारतेच, "मॅडम, आला का मग त्या बाईचा मुलगा?"

"अजून नाही," मी सांगायची.

मी त्याला शोधतही होते, ते तू बघत होतीस. परीक्षेच्या कामासाठी धारवाडला गेले तेव्हा एक दिवस जादा राहून हुबळीत ट्रकवाल्यांच्या अड्ड्यांवर फिरले. परत आल्यावर तू ताट वाढलंस. काही विचारलं नाहीस. मी जेवत असताना एवढंच म्हणालीस, "परत जाऊ नगंस. लांब हाय."

मला वाटलं, तुला माझ्या दगदगीची काळजी.

तू गेलीस तेव्हा मी रडता रडता हाच विचार करत होते की अण्णाला कोण कळवणार. त्यातूनच गेल्या रविवारी मावशीकडं गेले. म्हटलं, तिच्याकडं एखाद्या लग्नातला अण्णाचा जुना फोटो असेल. तो फोनवरून सगळीकडं पाठवायचा, कुणी ना कुणी ओळखेल. आई गेली, एवढं तरी त्याला कळायला हवं.

मावशी आता फार थकली आहे. एका डोळ्यानं दिसत नाही. एकटीच असते. माझं बोलणं तिनं शेवटपर्यंत ऐकलं, मग म्हणाली, "फोटू कशाला? नगं शोधू लेकी."

"का गं?"

"दत्ता न्हाय. कवाच न्हाय."

मला वाटलं, म्हातारीचा गोंधळ होतोय. पण तिचा गोंधळ होत नव्हता. ती सांगत गेली आणि मी ऐकत गेले.

त्या रविवारी बाजारात तुमच्या निम्म्या मिरच्या अजून खपायच्या होत्या. एक ट्रक ड्रायव्हर मिरचीवाल्या बायकांना एकेकीला विचारत आला, दत्ताची आई कोण म्हणून. अण्णानं त्याला गावाचं नाव कधी सांगितलं नव्हतं. एकदाच बोलता बोलता म्हणाला होता, आई गडहिंग्लजच्या बाजारात मिरच्या विकते. तेवढ्यावर तो माणूस शोधत आला होता. हुबळीच्या पुढं ट्रक उलटला होता. ड्रायव्हर वाचला, अण्णा जागेवर गेला. कुणाला कळवायचं ते ठाऊक नव्हतं, म्हणून तिथंच सगळं उरकलं. त्याला दोन-तीन महिने होऊन गेले होते. आपला पाय बरा झाल्यावर तो माणूस आला होता.

"अव्वा काय म्हणाली?" मी विचारलं.

"काय सुदिक न्हाय. नुसतं इचारलं, 'त्याच्यासाठी कोण रडलं काय थितं?' त्यो म्हणाला, 'मी रडलो, मावशी.' मग तुझ्या अव्वानं त्याला च्या पाजला आनी लावून दिलं."

आणि मग तू मावशीला म्हणालीस, "चल, खेळाला जाऊ."

"मला वाटलं, डोस्कं फिरलं हिचं," मावशी म्हणाली. "पर हात धरून घिऊन गेली. हसवणारी फिल्लम हुती. लोकं हसाय लागली की ही रडायची, पदराचा बोळा तोंडात घालून. हसू थांबलं की गप्प. परत लोकं हसली की परत. खेळ सुटंस्तवर उठली न्हाय. त्यातच यष्टी गेली. स्टँडावरच्या नळाला तोंड धुतलं आनी आमी जीपनं आलो."

जीपमध्ये तू तिच्याकडून वचन घेतलंस. आप्पांना कळलं तर ते स्वतःचा हात तोडून घेतील, म्हणालीस. नंदीला मी सांगेन, जरा मोठी होऊ दे.

मी मावशीला म्हटलं, "पण त्या संध्याकाळी तिनं आम्हाला सैनिकाचा पिक्चर सांगितला. तार येते, मग तो परत येतो."

"सैनिक कुठला गं? म्हटलं न्हवं, हसवणारी फिल्लम हुती. त्यात कोण कुठं जात बी न्हवतं आनी येत बी न्हवतं."

अव्वा, मी तिथंच बसून तुझे सगळे पिक्चर पुन्हा एकापुढं एक लावत गेले.

म्हणजे अण्णा जिवंत आहे असं तुला वाटत होतं, तेव्हा तुझ्याकडं शेवट नव्हता. त्या वर्षभरात तू खरोखर वाट बघत होतीस, आणि वाट बघणाऱ्या माणसाला शेवट सांगता येत नाही. तो नाही हे कळलं त्याच संध्याकाळी तू त्याला दारात आणून उभा केलास. मी इतकी वर्षं फळ्यावर चुकीचा शब्द लिहीत आले. तू वाट बघत नव्हतीसच. तू दर रविवारी त्याला घरी आणत होतीस, पाय धुवायला लावत होतीस, जेवायला वाढत होतीस, आणि सोप्यात पडलेला माणूस ते ऐकून आणखी एक आठवडा काढत होता.

हे कळल्यावर मागचं सगळं हललं. माझ्या लग्नातलं तुझं वाक्य, आप्पांच्या उशाशी 'सांगतो की' म्हणणं, हुबळीहून आल्यावर वाढलेलं ते ताट. प्रसंग तेच आहेत. मी त्यांच्याकडं आता पहिल्यासारखं बघू शकत नाही.

पण मला का सांगितलं नाहीस? आप्पांसाठी लपवलंस, ते मला पटतं. ते गेल्यावर काय अडचण होती? कळंब्याच्या तळ्यावर आपण दोघीच बांधावर बसायचो, शेंगा सोलत. तेव्हा सांगता आलं असतं. मी रडले असते, तुझ्यावर ओरडले असते, आणि मग आपण दोघी मिळून त्याच्यासाठी रडलो असतो. तू मला ते रडणंसुद्धा दिलं नाहीस. माझी सगळी तरुण वर्षं मी मांडवाच्या तोंडाकडं बघण्यात घालवली. तुला बघवत होतं ते?

कदाचित नसेलच बघवत. कदाचित प्रत्येक वेळी तुला वाटलं असेल, आता नको, पुढच्या खेपेला. मी मोठी झाले, मग लग्न ठरलं, मग बाळंतपण, मग आप्पांचं दुखणं. आणि नंतर इतका उशीर झाला की गोष्ट सांगण्यापेक्षा उशीरच सांगायला अवघड वाटला असेल. मी तुझ्या बाजूनं विचार करून बघते. दिवसातून दोनदा पटतं, चारदा पटत नाही.

सोमवारी माझा नेमका तोच तास होता. मी फळ्यासमोर उभी राहिले. बाईची गोष्ट निम्मी सांगितली आणि पुढं बोलता येईना. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आला का मग तो?" मी म्हटलं, "नाही. तो आधीच गेला होता आणि तिला ते माहीत होतं."  मग ती मुलगी हळूच म्हणाली, "मग हा सगळा वेगळाच पिक्चर झाला." मी तास तिथंच सोडला.

मावशीवर रागावू नको. मी निघताना ती माझे हात धरून रडत होती. "मी वचन मोडलं, तुझी अव्वा मला काय म्हणंल," असं सारखं म्हणत होती. इतकी वर्षं तिनं तुझं ओझं वाहिलं, तू गेल्यावर तर एकटीनं वाहिलं. तिला मी सांगितलंय, मी तिला आता एकटं सोडणार नाही. दर पंधरवड्याला जाईन. इकडं येऊन राहायला मात्र ती तयार नाही.

आणि तुला एक शब्द देते. अण्णाला शोधणं मी थांबवते. ट्रक कुठं उलटला, त्याला कुठं जाळलं, ते ठिकाण मावशीला ठाऊक नाही आणि तो ड्रायव्हरही आता सापडायचा नाही. म्हणून पुढच्या रविवारी मी आपल्याच दारात जाणार आहे. घर आता महादूकडं आहे, तो नाही म्हणणार नाही. मावशी असेल, भावकीतल्या बायका असतील. मी अंगणात बसेन आणि अण्णाचं नाव घेऊन रडेन, आपल्याकडं बायका रडतात तसं, मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. तू त्या माणसाला विचारलं होतंस ना, त्याच्यासाठी कुणी रडलं का?

तुझी,
नंदी